हात मांडीखाली

तीन वर्षं मी सरकारी अनुदानातून पगार घेतला आणि मुलांना हात मांडीखाली दाबून बसायला लावलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला फार मोठी बाई समजायला नको.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मूकबधिर मुलांची निवासी शाळा होती, पहिली ते चौथी. मी तिथे उच्चार शिकवायला लागले तेव्हा पंचविशीत होते, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. माझं घर ढाणकीचं. अब्बांचं तिथे फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान. मला नोकरी लागल्याचं कळलं तेव्हा अब्बांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, की जी ऐकत नाहीत, बोलत नाहीत, अशा कुणाकुणाच्या पोरांसाठी सरकार मास्तर ठेवतं? त्यांना जेवू घालतं? मी म्हटलं, हो, दर मुलामागे अनुदान असतं. अब्बा "सुभानअल्लाह" म्हणाले आणि पुन्हा पाना उचलला. मला हसू आलं. सरकारी योजनेला सुभानअल्लाह म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आमच्या मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणायचे. त्यांनी अनुदानाच्या आधीचे दिवस पाहिले होते. हंगामात जिनिंगच्या फाटकापाशी कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, आणि सर सात-आठ मुलांना घेऊन तिथे उभे राहायचे. गाडीमागे एक ओंजळ कापूस शाळेला द्यायचा, असा तिथे रिवाजच पडून गेला होता. मुलांनी हात जोडायचे, गाडीवाल्याने ओंजळ पोत्यात टाकायची. त्या पोत्यांवर शाळेचं वर्षभराचं तेल-मीठ आणि ज्वारी चालायची. कुणी भरभरून द्यायचा. कुणी देता देता मुलांच्या तोंडावर काहीबाही बोलायचा. यांना कुठे ऐकू येतं, असा त्याचा हिशेब. पुढे सरांनी यवतमाळला खेटे घालून घालून अनुदान मंजूर करून आणलं. ते पत्र आलं त्या दिवसापासून या शाळेतल्या एकाही पोराने कुणापुढे हात जोडले नाहीत, असं सर दरवेळी सांगायचे. मी ते ऐकायचे, मान डोलवायचे, आणि तासाला जाऊन मुलांना तेच हात मांडीखाली ठेवायला सांगायचे.

तेव्हा आमची शिकवायची पद्धतच ती होती. खुणा करू दिल्या की मुलं बोलायचा कंटाळा करतात, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं. माझ्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ. वर्गात एक मोठा आरसा होता, मेणबत्त्या होत्या, कानाला लावायची यंत्रं होती. हे सगळं अनुदानातलं. "प" म्हणताना ज्योत हलली पाहिजे. "ग" म्हणताना गळ्यावर ठेवलेल्या माझ्या बोटांना थरथर लागली पाहिजे. एकेक अक्षर काढायला महिना महिना जायचा. आणि तास संपला, की व्हरांड्यात चाळीस पोरांचे हात एकदम सुटायचे. भांडणं, चहाड्या, थट्टा, सगळं हातांनी. मी त्याला माकडचेष्टा म्हणायचे. हा शब्द लिहिताना आता लाज वाटते, पण म्हणायचे ते म्हणायचे.

चौथीत घाटंजीकडच्या एका खेड्यातली मुलगी होती. बारा वर्षांची, काटक, पुढचा एक दात अर्धा तुटलेला. शेतमजूर बाईची एकुलती एक. जन्मापासून ठार बहिरी, त्यामुळे यंत्राचाही तिला काडीचा उपयोग नव्हता. माझ्या विषयात ती सगळ्यांत मागे. तीन वर्षांत तिने कमावलेला एकच स्वच्छ शब्द म्हणजे "पाणी". बाकी काही म्हणायला लावलं, की तोंडातून एक लांबलचक स्वर निघायचा आणि ती माझ्याकडे पाहून खांदे उडवायची. हात मांडीखाली असले तरी बोटं वळवळत राहायची. मी पट्टीने गुडघ्यावर टक्‌ करायचे. मारायचे नाही, पण टक्‌ करायचे.

त्या साली मोठ्या सरांनी पाचवीसाठी प्रस्ताव दिला होता. शाळेला मान्यता आणि अनुदान चौथीपर्यंतच, त्यामुळे चौथी झाली की मुलं घरी जायची आणि पुन्हा शाळेचं तोंड बघायची नाहीत. पाचवी मंजूर व्हायला दोन अटी होत्या. तपासणीच्या दिवशी चौथीची सगळी मुलं प्रत्यक्ष हजर पाहिजेत, आणि त्यांचं बोलणं आणि समजणं पुढच्या वर्गाच्या लायकीचं आहे असं साहेबांना दिसलं पाहिजे. तपासणी आली ती नेमकी दिवाळीनंतर, ऐन वेचणीत. दिवाळीला घरी गेलेली मुलं वेचणी संपल्याशिवाय परत येत नसत, कारण वेचणीत प्रत्येक हात मोलाचा. सरांनी आम्हा शिक्षकांना चारी दिशांना पिटाळलं. घाटंजीकडची बाजू माझ्याकडे आली.

कापसाची ती वाईट वर्षं होती. एसटीतून उतरून खेड्यात शिरले, तर पारावरच्या माणसांनी मला पाहून आपापसांत बोलणं थांबवलं. एक म्हातारबा उठून जवळ आले आणि त्यांनी हळूच विचारलं, "कोनाच्या घरी जाचं हाये, बाई?" बाहेरचं माणूस खांद्याला पिशवी लावून गावात आलं म्हणजे कुणाच्या तरी दारी मरणाची चौकशी करायलाच आलं, असं तेव्हा गावोगाव झालं होतं. मी शाळेची बाई आहे, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मलाच कसंतरी झालं. त्यांनी मला शेताची वाट दाखवली.

शेत पाच-सहा एकरांचं असेल. दहा-बारा बाया कमरेला फडक्याची ओटी बांधून दूर दूर पांगल्या होत्या. मी बांधावर चढले तेव्हा सगळ्यांत जवळच्या बाईने मान वर केली, मला खालून वरपर्यंत पाहिलं, आणि काही न बोलता पलीकडच्या बाईकडे वळून दोन्ही पंजे आपल्या मांड्यांच्या मागे दाबले. त्या बाईने ते पाहिलं, पुढच्या बाईकडे वळून तसंच केलं. एकीकडून दुसरीकडे अशी ती खूण शेतभर गेली आणि पार पलीकडच्या टोकाला, धुऱ्यापाशी वाकलेली एक लहानशी आकृती सरळ झाली. माझी विद्यार्थिनी. कुणी हाक मारली नव्हती. मारली असती तरी तिला ऐकू आली नसती.

ती धावत आली नाही. तिथूनच तिने हात वर करून काहीतरी विचारलं. माझ्या जवळच्या बाईने मानेने नकार दिला आणि दोन बोटांनी काहीतरी सांगितलं. मधली एक बाई हसली आणि तिनेही हातांनी भर घातली. मग आणखी एकीने. वेचणी चालूच होती. एक हात बोंडावर, एक हात हवेत. सबंध शेत बोलत होतं, आणि मी, जिला बोलायला शिकवण्याचा पगार मिळत होता, ती बांधावर उभी राहून एक अक्षर समजत नसलेली एकटी बाई होते. एवढं थक्क मी आयुष्यात दुसऱ्यांदा कधी झाले असेन, असं आठवत नाही.

मुलीची आई ओटी सावरत आली. "जयभीम, मॅडम," म्हणाली. मी पहिल्यांदा विचारलं ते त्या खुणेचं. ती संकोचली. साडीच्या पदराशी चाळा करत म्हणाली, की ते माझं नाव आहे. पोरांनी होस्टेलात ठेवलेलं. हात दाबायला लावणारी बाई. गावातल्या बाया मला नावाने ओळखत नव्हत्या, तोंडाने ओळखत नव्हत्या, पण पोरीने वर्णन इतकं बारकाईने केलं होतं की पहिलीनेच मला बांधावर ओळखलं.

मग आम्ही बांधावर बसलो आणि ती सांगत गेली. पोरगी दर सुट्टीला घरी यायची ती शाळेतल्या खुणा घेऊन. आधी आईला शिकवलं. आई चुकली की रागवायची. मग मावशीला. मावशीने वेचणीच्या बायांना. लांबच्या लांब, घसा न फोडता बोलता येतं म्हणून बायांना त्या आवडल्या. शेतमालक समोर उभा असताना मजुरीचा भाव काय मागायचा हेही त्या आपसांत हातांनीच ठरवत आणि सगळ्या एकदम तोच आकडा बोलत. हे सांगताना ती खुदकन हसली. मग हसू आवरून म्हणाली, "पोरगी आठ वर्साची होयेपर्यंत मी तिच्यासंगं बोललीच नोती, मॅडम. भाकर दाखवाची, जवळ घ्याचं, नाईतं माराचं. येवढंच. तुमच्या शाळेनं मले माह्या पोरीसंगं बोलाले शिकवलं."

तिचे ते शब्द मी घ्यायला नको होते, ते माझे नव्हतेच. कुठल्या तरी कचेरीत कुणीतरी कागदावर दर मुलामागे एक रक्कम लिहिली. ती यवतमाळला आली, तिथून आमच्या शाळेत आली, तिच्यातून चाळीस मुलांना एका छपराखाली झोपायला जागा आणि एका पंगतीत जेवायला ताट मिळालं. आरसा आणि मेणबत्त्या घेऊन मी जे शिकवत होते ते तिथेच राहिलं. पण ती चाळीस मुलं एकत्र आली म्हणून त्यांच्यात एक भाषा उगवली, माझ्या पट्टीखाली वाढली, आणि एसटीत बसून इथे या शेतापर्यंत आली. पैसे देणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, घेणाऱ्यांनाही नव्हतं. मला अब्बांची आठवण झाली आणि मी त्यांना मनातल्या मनात हसले होते याचा राग आला.

एव्हाना मुलगी आली होती. तिने आईला काहीतरी विचारलं. आई म्हणाली, "ते विचारून राह्यली का चौथी त सरतच आली. आता कायले नेता?" मी पाचवीचं सांगितलं. तपासणीला हजर राहिली आणि साहेबांना पटलं तर पाचवी उघडेल, नाहीतर ही वेचणी आणि हेच शेत. आईने ते हातांनी सांगितलं. मुलीने एक बोट वर करून आईला काही म्हटलं, आणि आईने मला सांगितलं, की पोरगी म्हणते, साहेबासमोर तोंडानं बोलायचं असेल तर मी नापास. आई स्वतः सोबत यायला तयार झाली. एक दिवस बुडाला तर बुडाला, म्हणाली.

तपासणीला साहेब दोन तास उशिरा आले. माणूस वाईट नव्हता. सर्दीने बेजार, सारखा रुमाल नाकाला, आणि ओठ पूर्ण झाकतील एवढ्या मिशा. त्यांनी छापील नमुना काढला. त्यात प्रत्येक मुलासाठी दोनच रकाने होते, उच्चार आणि ओठवाचन. मुलं व्हरांड्यात फळ्यासमोर रांगेने बसली, हात मांडीखाली. पहिल्या तीन-चार मुलांना थोडं ऐकू यायचं, त्यांचं निभावलं. मग घाटंजीकडच्या मुलीची पाळी आली. "पाणी" ती छान म्हणाली. "कापूस" म्हणताना तो लांब स्वर आला. साहेबांनी पुस्तकातलं एक वाक्य वाचलं आणि ती काय समजली ते लिहायला सांगितलं. त्या मिशांतून मलाही ओठ दिसत नव्हते. ती खडू धरून नुसती उभी राहिली. साहेब वैतागले नाहीत, फक्त थकल्यासारखं म्हणाले, "मॅडम, हिला काही समजतं का?"

मला राग आला. साहेबांचा आला, नमुन्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला. मी म्हणाले, "सगळं समजतं, साहेब. मला विचारता येत नाही."

मी बाहेर लिंबाखाली बसलेल्या आईला बोलावलं. साहेबांना म्हटलं, की या बाईला लिहिता-वाचता येत नाही. तुम्ही हिला कानात काहीही सांगा, पुस्तकातलं नको, आणि ही मैदानाच्या फाटकापाशी जाऊन उभी राहील. साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी आईला बाजूला घेऊन हळू आवाजात काहीतरी सांगितलं. ती चालत फाटकापाशी गेली. मुलगी व्हरांड्यात फळ्यापाशी उभी. मध्ये सबंध मैदान.

आईने पदर खोचला आणि हात उचलले. मुलीने एकदा मान हलवली, मध्येच एक हात वर करून तिला थांबवलं, काहीतरी पुन्हा सांगायला लावलं. मग वळून फळ्यावर लिहिलं:

साहेब गाडी पंक्चर. साहेब चहा टपरी बसले. साहेब उशीर.

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी आईला नेमकं हेच सांगितलं होतं, की येताना जीपचं चाक पंक्चर झालं आणि टपरीवर बसावं लागलं. ते काही बोलणार, तोच मुलीने पुन्हा खडू टेकवला आणि आईने न सांगितलेलं एक वाक्य स्वतःच्या मनाने जोडलं:

साहेब सर्दी. जेवण गरम पाणी.

साहेबांना सर्दी आहे, जेवताना गरम पाणी द्या, असं ती सांगत होती. शाळेच्या शिपायाने आधी पाहिलं ते साहेबांकडे. साहेब फळ्यासमोर रुमाल हातात धरून उभे होते. गुडघ्यावर पट्टीने टक्‌ करून मी ज्या बोटांना गप्प बसवलं होतं, त्यांच्या मागे एवढी शहाणी, प्रेमळ आणि थोडी आगाऊ मुलगी तीन वर्षं बसून होती.

साहेब खाली बसले आणि नमुन्याकडे पाहत म्हणाले, की आत्ता मी जे पाहिलं त्याला इथे रकानाच नाही. उच्चारात आणि ओठवाचनात ही नापास आहे, तेच मला लिहावं लागेल. मात्र शिक्षिकेचा लेखी अभिप्राय सोबत जोडता येतो. त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मोठे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, की जपून लिही, तुझं पद उच्चाराचं आहे, उद्या तेच बंद करतील. ते खरंच होतं. माझ्या पगारावर तेव्हा ढाणकीचं घर चालत होतं, कारण पंप दुरुस्त करून घेणाऱ्यांकडे पैसे उरले नव्हते.

मी लिहिलं: ही मुलगी माझ्या विषयात नापास आहे. तिचं आकलन वर्गात सर्वांत चांगलं आहे. ते तिला खुणांमधून आलं आहे. त्या खुणा मी शिकवलेल्या नाहीत, मी त्या बंद करत होते. तिला पाचवी मिळावी. खाली सही केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला, टाचणीने नमुन्याला लावला आणि जाताना मुलीला खुणेनेच नमस्कार केला. तो चुकीचा होता, ती हसली.

मंजुरी जूनमध्ये आली नाही. जुलै गेला. माझ्या अभिप्रायाबद्दल वरून एक खुलासा मागितला गेला, तो मी दिला. माझं पद गेलं नाही, पण दोन वर्षं ते जाणार-जाणार म्हणून टांगतं राहिलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पाचवीचं पत्र आलं. मोठे सर ते हातात धरून सगळ्या वर्गांतून फिरले. घाटंजीकडच्या मुलीला आईने तिसऱ्या दिवशी आणून सोडलं. तोवर निंदणीने तिच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

पाचवीला नवा शिक्षक मिळाला नव्हता, म्हणून वर्ग माझ्याकडे आला. सात मुलं, व्हरांड्याच्या टोकाला, एक फळा. मी फळ्यावर "पाचवी" लिहिलं आणि पुढे काय करायचं ते मला सुचेना. तोंडाने बोलून उपयोग नव्हता, आणि हातांनी मला काही येत नव्हतं. सातही मुलं हात उघडे ठेवून माझ्याकडे पाहत होती. ती उठली, माझ्याजवळ आली, फळ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं आणि त्याची खूण करून दाखवली. मी केली. तिने मान हलवली, चूक. पुन्हा केली, पुन्हा चूक. तेव्हा तिने माझा पंजा आपल्या हातात घेतला, अंगठा आत वळवला, एकेक बोट सरळ केलं आणि मनगट थोडं वर उचललं. चौथ्या वेळेला माझं मला बरोबर आलं. ती जागेवर जाऊन बसली आणि तिने पाचवीचं पुस्तक उघडलं.